वाचकांचे प्रश्न : फुप्फुसाचा कर्करोग, टीबीची शंका आणि बायोप्सी

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची आहे. तिने आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही. सततच्या खोकल्यासाठी एक्स-रे काढल्यावर टीबी असल्याचे सांगून तिला चार महिने औषधे देण्यात आली. बेडक्याच्या तपासणीत मात्र टीबी आढळला नव्हता. आता बायोप्सीत फुप्फुसाचा कर्करोग निघाला आहे. व्यसन नसताना हे कसे झाले? आणि वाया गेलेल्या चार महिन्यांचे काय? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तंबाखूचा धूर हेच या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, याबद्दल शंका नाही, परंतु तेवढ्यावरून धूम्रपान न करणाऱ्याला हा आजार होत नाही असे समजणे आपल्या देशात फार महागात पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तेथे आलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. एका रुग्णालयाचा आकडा साऱ्या देशाला लावता येत नाही, हे मान्य करूनही त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांहूनही कमी होते. आपल्याकडे तंबाखू मुख्यतः चघळली जाते. त्यामुळे ‘विडी ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की कर्करोगाचा विचारच मागे पडतो.

घरातील इतरांच्या विडी-सिगारेटचा धूर, कोंदट स्वयंपाकघरातील चुलीचा धूर आणि बाहेरची दूषित हवा ही इतर कारणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१३ मध्ये हवेच्या प्रदूषणाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले. मिझोराममधील ऐझॉल येथे या कर्करोगाचे प्रमाण देशात फार जास्त असून तेथे स्त्रियांमधील प्रमाण जवळजवळ पुरुषांइतकेच आहे. मात्र तेथील स्त्रियांमध्ये धूम्रपानही बरेच आहे, म्हणून ते चित्र जसेच्या तसे आपल्या आईंना लागू होत नाही. काही रुग्णांत शोधूनही कारण सापडत नाही, आणि तेव्हा दोष रुग्णाच्या माथी मारणे हा सरळसरळ अन्याय आहे.

आता टीबीविषयी. जगातील सुमारे एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत. खोकला, बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असतात आणि एक्स-रेवरची सावलीही पुष्कळदा सारखीच दिसते, म्हणून डॉक्टरांच्या मनात टीबी आधी येणे स्वाभाविक आहे. चुकते ते पुढे. बेडक्यात जंतू सापडत नाहीत, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुके शोधणारी) चाचणीही निगेटिव्ह येते आणि औषधे सुरू करून महिना-दीड महिना उलटला तरी वजन उतरतच राहते, तेव्हा आणखी वाट न पाहता सीटी स्कॅन आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीची तपासणी किंवा बायोप्सी व्हायलाच हवी. (दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, म्हणून टीबीची औषधे स्वतःहून बंद करू नयेत.) त्या चार महिन्यांत किती फरक पडला हे पत्रावरून सांगता येणार नाही, कारण प्रत्येक गाठ निराळ्या वेगाने वाढते. आजार आज कुठवर पसरला आहे यावर पुढचे उपचार ठरतील. शस्त्रक्रिया शक्य आहे का, हा प्रश्न कर्करोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारावा.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे असून अनेक वर्षे विडी ओढत होते. रिपोर्टमध्ये ‘ॲडेनोकार्सिनोमा, चौथी स्टेज’ असे आहे. डॉक्टर जनुकीय तपासणीसाठी थांबायला सांगतात, तर नातेवाईक म्हणतात, आधीच सुई घालून आजार पसरवला, आता लगेच केमो सुरू करा. – एक वाचक, जळगाव

उत्तर : बायोप्सीच्या सुईमुळे आजार पसरणे अत्यंत विरळ आहे, बायोप्सीशिवाय मात्र योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. ॲडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. भारतातील या प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल आढळतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो कमी आढळत असला, तरी त्यांचीही तपासणी व्हायलाच हवी. तो बदल असल्यास जेफिटिनिबसारख्या गोळ्या उपयोगी पडतात आणि त्यांचे भारतीय बनावटीचे स्वस्त पर्यायही मिळतात. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवून दिले की अशा रुग्णांना ही गोळी केमोच्या जोडीने दिल्यास आजार सरासरी १६ महिने आटोक्यात राहतो. नुसत्या गोळीवर हाच काळ ८ महिने होता. जोड-उपचारात दुष्परिणाम अधिक होते, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून रिपोर्टसाठी थांबणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे. दम फारच लागत असेल, तर डॉक्टर मधल्या काळात केमो सुरू करू शकतात. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) मात्र रिपोर्टआधी घाईने घेऊ नये. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुमच्या वडिलांच्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. मुंबईला दुसरे मत घ्यायला जाताना केवळ कागदी रिपोर्ट नव्हे, तर हा ब्लॉक आणि स्लाइडही लॅबकडून मागून घ्या, नाहीतर पुन्हा सुई टोचण्याची वेळ येऊ शकते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. २०२४ च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिब आणि डुर्व्हालुमॅब या फुप्फुसाच्या कर्करोगावरील नव्या औषधांवरील सीमाशुल्क माफ झाले, तरीही ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत, ही गोष्ट मला फार खटकते. वेदना आणि दम यांसाठी पॅलिएटिव्ह केअर (रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या) विभागाकडे आताच जावे. बॉस्टनमधील २०१० च्या एका अभ्यासात ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली ते रुग्ण अधिक समाधानाने आणि काहीसे अधिक काळही जगले.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून धूम्रपान करत नाही. दरवर्षी छातीचा सीटी स्कॅन करावा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. अमेरिकेतील २०११ च्या चाचणीत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, पण त्यातील सर्वजण ५५ ते ७४ वर्षांचे आणि अनेक वर्षे भरपूर धूम्रपान केलेले होते. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण इतक्या जणांच्या फुप्फुसात असतात की स्कॅनवर ते गाठीसारखे दिसून निष्कारण सुया टोचल्या जाण्याची भीती अधिक. मात्र तीन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, थुंकीतून रक्त पडले किंवा आवाज बसून तो सुधारला नाही, तर वय आणि व्यसन यांचा विचार न करता छातीच्या डॉक्टरांकडे जावे.