दोघांच्या पगारात विलेपार्ले पूर्वेला राहणं परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की दोघांचे मिळून महिन्याला दीड लाख हातात पडतात, एकाचं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), दुसऱ्याचं अंधेरीत, सध्या डोंबिवलीत राहता आणि पार्ले पूर्वेला यायचं मनात आहे. सहा वर्षांपूर्वी आम्हीही डोंबिवलीच्याच स्वयंपाकघरात बसून हाच हिशेब मांडला होता. म्हणून आधी उत्तर सांगून टाकते: भाड्याने परवडेल, विकत नाही.

विकतचं आधी संपवते. रिडेव्हलपमेंट होऊन नव्या झालेल्या एका इमारतीत साडेसहाशे फूट कार्पेटचा टू बीएचके आम्हाला गेल्या वर्षी २ कोटी ८० लाखांना सांगितला. ७५ लाखांच्या वरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, म्हणजे २ कोटी १० लाख. वरचे ७० लाख आपले. त्यावर ६ टक्के स्टँप ड्यूटी, १६ लाख ८० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हेही आपल्याच खिशातून, कारण ते कर्जात धरत नाहीत. इमारत अजून बांधून व्हायची असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. एवढं सगळं जमवलंच, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण १ लाख ८२ हजार. तुमचा दोघांचा पगार त्याच्या आतच संपतो. (बाईच्या नावावर घर घेतलं तर ड्यूटीत १ टक्का वाचतो, म्हणून ते फक्त माझ्या नावावर घेऊ, असं मी सुचवलं होतं. नवऱ्याने चहा ओतता ओतता विचारलं, "आणि बाकीचे ९९?")

गंमत अशी की तेवढंच घर भाड्याने ७५-८० हजारांत मिळतं. मालकाच्या बाजूने बघा: पावणेतीन कोटींवर वर्षाला साडेतीन टक्केही सुटत नाहीत, एफडीत जास्त मिळाले असते. पार्ल्यात भाडेकरू असणं हा त्या अर्थाने बऱ्यापैकी फायद्याचा सौदा आहे. नातेवाइकांना हे पटवता येत नाही, ते सोडून द्या.

आमचे पहिले घरमालक महापालिकेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले आजोबा. सत्तरच्या दशकात सोसायटीत नाव घातलं, पगारातून हप्ते भरले आणि हनुमान रोडपासून चालत पाच मिनिटांवर घर झालं. ते म्हणायचे, "आज मला माझ्याच घराची गॅलरीसुद्धा घेता येणार नाही." इथल्या जुन्या पार्लेकरांपैकी बरेच असेच आहेत. त्यांच्याकडे पैसा आहे तो भिंतींमध्ये, बँकेत पेन्शनच येते. त्यांची मुलं लग्नानंतर बोरिवली-दहिसरला नाहीतर ठाण्याला गेली. नव्या इमारतींत मराठी माणसांसाठी निम्मी घरं राखून ठेवा, अशी मागणी पार्ले पंचम संस्थेने केली, ती याच पोटतिडकीतून. तेव्हा 'श्रीमंत उपनगर' या शब्दाने बिचकू नका. रस्त्यात भेटणारे निम्मे लोक तुमच्याइतकंसुद्धा कमवत नसतील.

आता भाड्याचं. सध्या आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत वन बीएचकेला ४६ हजार देतो. डिपॉझिट दोन लाख, दलाली एक महिन्याचं भाडं, दरवर्षी पाच टक्के वाढ. दीड लाखात ४६ हजार म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आत. आम्ही आलो तेव्हा आमचं उत्पन्न तुमच्यापेक्षा कमीच होतं, तरी ओढाताण झाली नाही.

ओढाताण झाली ती घर बदलण्याने. सहा वर्षांत हे आमचं तिसरं घर, आणि दोन्ही वेळा कारण एकच. पार्ले पूर्वेत तीन-चार मजली जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जातायत. विमानतळ शेजारी असल्याने उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे टॉवर फारसे होत नाहीत, पण पाडापाडी थांबत नाही. इमारत रिकामी झाली की बिल्डर तिथल्या मालकांना घर मिळेपर्यंत दरमहा भाडं देतो. मुलांची शाळा इथे, देऊळ इथे, डॉक्टर इथे, म्हणून ही मंडळी पार्ल्यातच घर शोधतात. भाडं बिल्डरच्या खिशातून जात असल्याने घासाघीसही फारशी करत नाहीत. एका इमारतीतली वीस कुटुंबं एकाच महिन्यात बाजारात उतरली की दलालाचा आवाज बदलतो. आम्ही दोन महिन्यांत एकाच गल्लीतल्या एकाच घराचं भाडं ४० वरून ४५ झालेलं पाहिलंय.

स्वस्त घर दिसलं तर ते स्वस्त का आहे, ते यावरून ओळखा: इमारत बहुधा पाडायला निघालेली असते. दुसऱ्या घराच्या वेळी दलालाने "अजून पाच वर्षं काही होत नाही" असं छातीठोक सांगितलं. आठव्या महिन्यात रिकामं करायची नोटीस लागली. तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती आणि पावसाळा होता. त्या एका बदलीत दलाली, टेम्पो, रंगाचे कापलेले पैसे, नव्या डिपॉझिटची वरची रक्कम मिळून लाखाच्या पुढे गेले. तुमच्या महिन्याच्या हिशेबात ही ओळ नसेल. ती घाला: दोन वर्षांनी एकदा लाख रुपये, म्हणजे महिन्याला चार हजार भाड्यातच धरा.

बाकी खर्च तितका भयंकर नाही. भाजी डोंबिवलीपेक्षा महाग, पण स्टेशनजवळच्या मंडईत संध्याकाळी उशिरा गेलात तर फरक कमी होतो. पोळी-भाजीची दुकानं इतकी आहेत की दमून आल्यावर हॉटेलातून मागवणं आमचं जवळजवळ बंद झालं. पाळणाघर एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मिळालं. शाळा मराठी माध्यमाची घेतलीत तर फी हा विषयच राहत नाही, आणि पार्ले टिळक १९२१ पासूनची शाळा आहे, तडजोड केल्यासारखं वाटायचं कारण नाही. इंग्रजीतल्या महागड्या बोर्डाकडे गेलात तर मात्र वरचा सगळा हिशेब फाडून टाका. मुलीच्या बागेतल्या मैत्रिणींचे वाढदिवस हॉल घेऊन होतात. आम्ही घरी पावभाजी केली, पोरं पोटभर खाऊन गेली. विमानं डोक्यावरून जातात, त्याची आठवड्यात सवय होते.

आणि वेळ. डोंबिवलीहून मी बीकेसीला फास्ट लोकलने कुर्ला, पुढे शेअर रिक्षा अशी जायची: दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास. इथून पन्नास मिनिटं लागायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ बीकेसीपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून विमानतळाच्या टी१ मेट्रो स्टेशनपर्यंत रिक्षा आणि पुढे मेट्रो, पस्तीस-चाळीस. रोजचे दोन तास वाचतात. डोंबिवलीत आम्ही १८ हजार भाडं भरत होतो. वरच्या २८ हजारांत मी हे दोन तास विकत घेते, नवऱ्याचे वेगळे. मुलगी नसताना हा सौदा मला महाग वाटायचा. आता पाळणाघर सातला बंद होतं आणि मी पावणेसातला दारात असते.

तुमच्या घरी मूल नसेल, एकाला घरून काम करता येत असेल, तर मी घाई करणार नाही. येणारच असाल तर टोकन देण्याआधी दलालाला बाजूला ठेवून सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: बिल्डर निवडला का, त्याच्याशी करार झाला का, पालिकेकडे प्लॅन गेलाय का. करार झाला असेल तर घर कितीही छान असो, जिना उतरा. आणि मालकाने अर्ध्यात रिकामं करायला लावलं तर किती महिन्यांची नोटीस आणि दलालीची भरपाई कोण देणार, हे नोंदणीच्या करारात लिहून घ्या. आमचे आत्ताचे मालक आधी कुरकुरले, मग तीन महिन्यांना तयार झाले. परवा खाली सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. आम्हाला आत बसता येत नाही, पण जिन्यात "पीएमसी" (रिडेव्हलपमेंटसाठी सोसायटी नेमते तो सल्लागार) हा शब्द दोनदा ऐकू आला, म्हणून मी दलालाचा नंबर पुन्हा शोधून ठेवलाय.