कॉलमच्या डोक्यावर क्लिक करण्याआधी

मागच्या वेळी एक्सेलबद्दल विचारा म्हटलं होतं. आलेले बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात : निवड, म्हणजे सिलेक्शन.

मार्केट यार्ड, सांगलीतून एक दिवाणजी : हळदीच्या सौद्यांचा सहा हजार ओळींचा हिशेब आहे. माउस धरून खालपर्यंत ओढताना हात अवघडतो. मधेच बोट सुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

ओढूच नका. पहिल्या सेलवर जा, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरा आणि खालचा बाण एकदा दाबा. भरलेला भाग संपेपर्यंत निवड होते. पण वहीच्या सवयीनं प्रत्येक दिवसाखाली एक ओळ कोरी सोडली असेल, तर निवड तिथंच अडते. अशा वेळी पहिल्या सेलवर क्लिक करा, बाजूच्या पट्टीनं तळाशी जा आणि शिफ्ट धरून शेवटच्या सेलवर क्लिक करा. मला स्वतःला तिसरी रीत आवडते. डावीकडे वर, जिथं सेलचा पत्ता दिसतो, त्या चौकटीत डी२:डी६००१ असं इंग्रजी अक्षर-आकड्यांत लिहून एंटर दाबायचं. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर एक्सेलला पत्ता कळत नाही, तेवढं बघा.

वाळवा तालुक्यातून दूध संस्थेचे सचिव : सभासदांची नावं अकारविल्हे लावली. नावं लागली, पण लिटर आणि फॅट जागच्या जागी राहिले. फाइल सेव्ह करून बंदही केली. दहा दिवसांचं बिल काढायचंय.

सर्वांत आधी, या फाइलवरून एकही बिल काढू नका.

तुम्ही फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केलंत. तेव्हा एक्सेलनं एक पाटी दाखवली असणार : निवड वाढवायची, की आहे तेवढ्यावरच चालवायचं? घाईत दुसरा पर्याय दाबला गेला. आणि दोन-तीन कॉलम निवडलेले असले, तर ही पाटी येतही नाही. गुगल शीट्समध्येही निवडलेल्या रेंजचं सॉर्ट न विचारता तेवढ्यावरच होतं.

फाइल उघडी असती तर कंट्रोल झेडनं भागलं असतं. आता आधार सभासद क्रमांकाचा. तो कॉलम तुम्ही हलवलेला नाही, म्हणजे क्रमांक, लिटर आणि फॅट अजून एकमेकांशी जुळलेले आहेत, फक्त नाव चुकीचं आहे. सभासद यादीची मूळ फाइल घ्या, व्हीलुकअप या शोधून आणणाऱ्या सूत्रानं क्रमांकावरून नावं पुन्हा आणा आणि पाच-सहा जणांची नोंद त्यांच्या स्लिपशी ताडून बघा. मगच बिल.

हे एवढं कळवळून लिहितोय, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आडतीत माझ्या हातून हेच झालं होतं. एका शेतकऱ्याची पट्टी दुसऱ्याच्या नावावर निघाली. आटपाडीकडचा तो माणूस एसटीनं दोनदा हेलपाटा घालून गेला. पुढच्या वेळी सॉर्टआधी आतल्या एका सेलवर उभं राहून कंट्रोल ए दाबा आणि रंगलेला भाग शेवटच्या ओळीपर्यंत पोचलाय का, ते डोळ्यांनी बघा. कोरी ओळ असेल तर तो तिथंही अर्ध्यावर थांबतो.

जतहून एक शिक्षिका : पहिला, चौथा आणि सातवा एवढेच कॉलम एकदम निवडता येतील का?

हो. पहिल्याच्या अक्षरावर क्लिक करा, मग कंट्रोल धरून बाकी दोन. कॉपी करून दुसरीकडे टाकलेत की तिन्ही शेजारी-शेजारी बसतात.

तासगावहून बेदाण्याचे व्यापारी : मधल्या काही ओळी लपवल्या आणि बाकीच्या कॉपी केल्या. पेस्ट केल्यावर लपवलेला मालही आला. फिल्टर लावतो तेव्हा असं होत नाही.

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. फिल्टर लावलेला असताना एक्सेल फक्त दिसणाऱ्या ओळी उचलतो, पण हाइड केलेल्या ओळी निवडीतच राहतात. म्हणून निवड झाल्यावर ऑल्ट आणि अर्धविरामाची कळ दाबा, मग कॉपी करा. निवडीत बारीक फटी दिसल्या की काम झालं. दराचा तक्ता गिऱ्हाइकाला पाठवताना हे विसरू नका, नाहीतर खरेदीचा भावही त्याच्याकडे जाईल.

मिरजेहून : कंट्रोल स्पेस दाबलं की एकाऐवजी पाच कॉलम निवडले जातात.

वरचं शीर्षक पाच कॉलमांवर मर्ज केलेलं, म्हणजे पाच सेल जोडून एक केलेलं असणार. मर्ज काढा. शीर्षक मधोमधच हवं असेल तर फॉरमॅट सेल्समधल्या अलाइनमेंटमध्ये 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' निवडा. दिसायला तसंच दिसतं, पण सेल सुटे राहतात. तोवर माउसनं कॉलमच्या अक्षरावर क्लिक करा, एकच कॉलम निवडला जाईल.