निनावी लिहिलं, तरी ओळखलं

"मॅडम, नाव लिहायचं नाही असं सांगून लिहून घेतलं, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. दोघांनी तर सरळ माझ्याकडेच बघितलं."

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला असलेली ही ताई माझ्याकडे सल्ल्याला आली, तेव्हा आठवडाभर तिला धड झोप नव्हती. (तिला विचारून, ओळख पटेल ते तपशील बदलून लिहिते आहे.)

तक्रार साधी होती. पुढच्या आठवड्याची शिफ्ट शनिवारी संध्याकाळी कळते, मग पाळणाघरात काय सांगायचं? फॉर्मवर नाव नव्हतं, पण विभाग, वय, नोकरीची वर्षं होती. विभागात माणसं सहा, दहा वर्षं झालेली ती एकटीच. इतक्या लहान विभागात निनावीपण नावापुरतंच उरतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"मग आता बोलू की गप्प बसू?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी कुणालाही नुसतं 'धीट व्हा' म्हणून पाठवत नाही. पगारवाढ ज्याच्या हातात, त्याची धास्ती वाटणारच. आधी विषय बघते. लैंगिक छळाचा असेल तर मीटिंग नको आणि निनावी चिठ्ठीही नको. २०१३च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करायची. तिथलं नाव बाहेर जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे.

शिफ्टचं तसं नव्हतं. तिला मी मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांबद्दल सांगितलं. रेघांची लांबी समोर दिसत असूनही बरेच जण बाकीच्यांचं ऐकून चुकीचं उत्तर देत. पण एकानं जरी खरं सांगितलं, तरी हे प्रमाण खूप उतरे. "तुझ्या बाजूनं बोलेल असा एक माणूस शोध," म्हटलं.

तो सापडला. विभागातले एक दादा, आईच्या डायलिसिसच्या वेळा सांभाळणारे. कॅन्टीनच्या कूपनामागे तिनं एकच वाक्य लिहून आणलं: "शिफ्ट गुरुवारी कळली, तर माझ्या ऐनवेळच्या रजा कमी होतील." ते पाच वेळा मोठ्यानं म्हणून घेतलं. तिसऱ्या वेळेपर्यंत आवाज कापत होता.

मीटिंगमध्ये ती बोलली, दादा लगेच "माझंही हेच" म्हणाले. सर म्हणाले, "बघू."

आता यादी शुक्रवारी लागते. सर अजून तिच्याशी तुटकच बोलतात. पुढच्या फॉर्ममधून नोकरीची वर्षं काढा, असं तिनं एचआरला कळवलंय, खाली स्वतःचं नाव लिहून.