कोच मोठा की प्लेअर?

प्रश्न: पहाटे उठून एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणारा आमचा ग्रुप आहे आणि टीम हरली की वाद ठरलेला, एकजण म्हणतो कोचला काढा, दुसरा म्हणतो कोच काय करणार, प्लेअरच नाहीत. नक्की कोणाचं खरं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: दुसऱ्याचं. पण एवढ्यावर सोडलं तर तो उगाच माजेल, म्हणून जरा सविस्तर.

कोर्टवर पाचच जण, त्यात स्टार प्लेअर ४८ पैकी ३५-४० मिनिटं खेळणार, म्हणजे एकटा माणूस मॅच फिरवू शकतो, फुटबॉलच्या अकरांत ते तेवढं सोपं नाही. कोच ग्रेग पोपोविच घ्या. १९९६-९७ला सीझन चालू असतानाच त्याने स्पर्स टीम हातात घेतली, तिचा स्टार डेव्हिड रॉबिन्सन जखमी, टीम २० जिंकली आणि ६२ हरली. पुढच्या सीझनला रॉबिन्सन फिट, ड्राफ्टमधून (नवे प्लेअर निवडतात त्यातून) टिम डंकन आला, झाल्या ५६ जिंकून. कोच तोच हां. आणि २०२३-२४ला, पाच टायटलं नावावर असताना, परत २२-६०. म्हातारा काय बास्केटबॉल विसरला?

आता तुमच्या पहिल्या मित्रासाठी. २०१३-१४ला वॉरियर्स ही टीम ५१ मॅच जिंकली तरी कोच मार्क जॅक्सनला काढलं, स्टीव्ह करला आणलं, जवळजवळ तीच पोरं आणि ६७ विजय, वर टायटल. त्याने बॉल फिरता ठेवला, इगुओडालासारख्या नावाजलेल्या प्लेअरला बेंचवर बसवलं, आणि फायनलमध्ये (सातपैकी चार मॅच जिंकायच्या असतात) क्लीव्हलँडसमोर १-२ मागे पडल्यावर त्यालाच उंच सेंटर बोगटच्या जागी पहिल्या पाचात घातलं, पुढच्या तिन्ही जिंकल्या, फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) इगुओडाला. हे कोचचंच काम, त्याबद्दल वाद नको.

पण गंमत पुढे आहे. पुढच्या सीझनला पाठीच्या ऑपरेशनमुळे कर बाहेर, असिस्टंट ल्यूक वॉल्टनने टीम सांभाळली आणि ३९-४ केलं, लगेच सगळ्यांना तो जीनियस वाटायला लागला, लेकर्स टीमने त्याला हेड कोच म्हणून उचललं आणि तिथे पहिल्या सीझनला २६-५६. खुद्द करचं २०१९-२०ला काय झालं? स्टार प्लेअरांपैकी ड्युरंट गेलेला, क्ले पूर्ण सीझन बाहेर, करी बहुतेक बाहेर, १५-५०.

म्हणून मी ट्रॉफ्या मोजून कोच ठरवत नाही, तीच पोरं आधीच्या कोचकडे काय करत होती ते बघतो. बुल्स आणि लेकर्सचा कोच फिल जॅक्सनची ११ टायटलं सगळे सांगतात, आणि जॉर्डन, पिपेन, शॅक, कोबी होते म्हणून लगेच खोडूनही काढतात, मला मात्र त्याचा १९९३-९४चा सीझन जास्त भारी वाटतो, जॉर्डन रिटायर झालेला असताना बुल्सनी ५५ जिंकल्या, आदल्या वर्षी तो असताना ५७. पिपेन होता हे खरं, तरीपण.

आपल्याकडे गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबचा विषय निघाला की असंच होतं ना, कोच आर्मांदो कुलासोने पाच लीग टायटलं आणली म्हटलं की कोणीतरी गोल मारणाऱ्या रांटी मार्टिन्सचं नाव घेतोच. दोघांचंही चुकत नाही.

प्रश्न: मुलगी शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. चांगल्या कोचसाठी तिला पणजीला घालावं का?
– एक आई, म्हापसा

उत्तर: ताई, वरचं सगळं इथे लागू नाही. एनबीएच्या कोचला तयार प्लेअर मिळतात, शाळेत कोचच प्लेअर घडवतो, त्यामुळे इथे कोच जास्त महत्त्वाचा. पण नावावर जाऊ नका, आधी प्रॅक्टिस बघून या. मुली डाव्या हातानेही ड्रिबल करतात का, की उंच मुलीकडे बॉल देऊन बाकीच्या उभ्या, आणि कमी खेळणाऱ्या मुलींना कोच काही सांगतो का, एवढं बघा. आत्ताच्या शाळेत हे होत असेल तर रोज संध्याकाळी पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये तिला कशाला अडकवता.