वाचक विचारतात: 'काही सुचतच नाहीये' म्हणणाऱ्या मुलांना लिहितं कसं करायचं?

यावेळी आलेल्या पत्रांत लिहिण्याच्या उन्हाळी शिबिरांबद्दलची पत्रं बरीच होती, म्हणून सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी स्वतः बरीच वर्षं अशी शिबिरं घेतलीत आणि या वयाच्या मुलांचं लिखाण वाचायला मला मनापासून आवडतं, त्यामुळे उत्तरं जरा लांबलीत.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी यंदा पहिल्यांदाच एका उन्हाळी शिबिरात क्रिएटिव्ह रायटिंग घेणार आहे. दहा दिवस, रोज दीड तास, १३ ते १६ वयाची वीस मुलं. स्वतः थोडंफार लिहिते पण शिकवलेलं कधीच नाही. कथानक, पात्रं, संवाद, शेवट असं रोज एकेक घ्यायचं ठरवलंय, पण मैत्रीण म्हणते मुलं झोपा काढतील. शिवाय निम्म्यांना घरच्यांनी बळंच पाठवलंय. 'सुचतच नाहीये' म्हणून बसून राहिली तर काय करू?

उत्तर: मैत्रीण बरोबर सांगतेय. तुमचा प्लॅन चुकीचा नाहीये पण तो पाचव्या दिवसानंतरचा आहे, कारण पात्र, संवाद, शेवट हे सगळं मुलांच्या हातात स्वतःचं काहीतरी लिहिलेलं असेल तेव्हाच कामाला येतं, त्याआधी ती फक्त फळ्यावरची व्याख्या असते आणि व्याख्या त्यांनी शाळेत भरपूर उतरवून घेतल्यात.

पहिल्या दिवशी तर वह्या पण काढायला लावू नका. एक लांब कागद घ्या, पहिल्याने एक ओळ लिहायची, दुसऱ्याने त्याखाली एक, मग पहिली ओळ दुमडायची म्हणजे तिसऱ्याला फक्त दुसरीच दिसते, असं करत वीस जणांतून कागद फिरवा आणि शेवटी उघडून मोठ्याने वाचा. १९२० च्या दशकात पॅरिसमधले सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखं, तर्क सोडून लिहिणारे-रंगवणारे कवी आणि चित्रकार असे खेळ खेळायचे. याचा मोठा फायदा म्हणजे ते लिखाण कोणा एकाचं नसतं, त्यामुळे कोणाची लाज जात नाही, आणि वाचताना हमखास एक-दोन ओळी अशा निघतात की सगळा वर्ग गप्प होतो, मग 'ही कोणी लिहिली?' असं विचारायचं आणि मागच्या रांगेतला आत्तापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलेला मुलगा हात वर करतो. बळंच पाठवलेल्यांतले निम्मे तिथेच आपले होतात.

दुसऱ्या दिवसापासून टायमर लावा. सात मिनिटं, पेन थांबवायचं नाही, खोडायचं नाही, सुचत नसेल तर 'सुचत नाही सुचत नाही' हेच लिहीत राहायचं. आणि तुम्ही पण त्यांच्यासोबत लिहा, तीच सात मिनिटं, आणि आधी तुमचं वाचून दाखवा, कच्चं, जसं झालं असेल तसं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण शिकवणारा माणूस फेऱ्या मारत राहिला की तो परीक्षेचा हॉल होतो.

आता खरी अडचण. या वयाच्या मुलांना लिहिता येत नाही असं नसतं, त्यांना निबंध लिहिता येतो, आणि आठ-दहा वर्षं घोटलेली ती निबंधाची भाषा पेन हातात घेतलं की आपोआप खाली उतरते. 'अविस्मरणीय क्षण', 'निसर्गाच्या कुशीत', 'आनंदाला पारावार उरला नाही'. त्यांना वाटतं हेच चांगलं लिहिणं, आणि मार्कही त्यालाच मिळालेत, त्यांचा काय दोष? त्यामुळे यावर रागावू नका आणि हसू तर अजिबात नका, फक्त जवळ जाऊन एकच प्रश्न विचारत राहा: म्हणजे नेमकं काय?

एक प्रसंग सांगते. 'घर' असा विषय दिला होता. एका चौदा वर्षांच्या मुलाने लिहिलं, 'माझे घर हे माझ्यासाठी स्वर्ग आहे. घरातील सर्वजण प्रेमाने राहतात.' दोन ओळी लिहून पेन खाली. मी शेजारी बसले आणि विचारलं, तुझ्या घराचं दार कसंय रे? म्हणाला, साधंय. उघडतं कसं? तर म्हणाला, ते अडकतं, कडी जरा वर उचलायची आणि गुडघ्याने ढकलायचं. म्हटलं हेच लिही. दहा मिनिटांनी त्याने जे दिलं ते मला अजून पाठ आहे. 'आमचं दार कडी वर उचलून गुडघ्याने ढकललं तरच उघडतं. पाहुण्यांना हे माहीत नसतं म्हणून ते आले की दार नुसतं हलतं. नऊ वाजता एका झटक्यात उघडलं की बाबा. आता नऊ वाजता दार वाजतच नाही.'

मी वर्गासमोर त्याला काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं की 'नुसतं हलतं' हे मला दिसलं, आणि शेवटची ओळ अशीच राहू दे, पुढे काही जोडू नकोस. कारण तो जोडणार होता, पेन उचललं होतं त्याने, 'बाबांची खूप आठवण येते' असं काहीतरी.

तुम्हाला दहा दिवसांत दुसरं काही नाही जमलं तरी चालेल पण हे दार प्रत्येकाला सापडू दे. त्यासाठी विषय छोटे द्या. मैत्री, निसर्ग, माझं स्वप्न हे नको. कुलूप, जिन्याची एक पायरी, कोणाच्या तरी चपला, फोन वाजल्यावर आईचा बदलणारा आवाज, असं काहीतरी हाताला लागणारं. आणि मग अटी घाला. मुलांना मोकळं सोडलं की सुचत नाही आणि अट घातली की सुचतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. १९६० साली फ्रान्समध्ये लेखक आणि गणितज्ञांनी मिळून उलिपो नावाचा ग्रुपच काढला, त्यांचं सगळं काम अशा अटी घालून लिहिण्याचं. मराठीत माझी आवडती अट म्हणजे दहा ओळी लिहायच्या पण 'आहे' आणि 'होता-होती-होतं' कुठेच वापरायचं नाही, 'खूप' तर नाहीच नाही. सुरुवातीला वैतागतात, मग क्रियापदं शोधायला लागतात. 'खोलीत अंधार होता' ऐवजी एका मुलीने लिहिलं, 'स्विच शोधताना हात भिंतीवरून दोनदा फिरला'.

आणि तरीही एखादीला नाहीच सुचलं तर तिला इंग्रजी लेखिका मेरी शेलीची गोष्ट सांगा. १८१६ चा उन्हाळा, जिनिव्हा सरोवराच्या काठी चार-पाच मित्रमंडळी, सतत पाऊस, बाहेर पडता येईना, तर त्यांच्यातला कवी बायरन म्हणाला प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहूया. म्हणजे एका अर्थी शिबिरच की. मेरी तेव्हा १८ वर्षांची. रोज सकाळी तिला विचारायचे, सुचली का गोष्ट? आणि रोज तिला नाही म्हणावं लागायचं, हे तिनेच पुढे लिहून ठेवलंय. मग एका रात्री डोळे मिटल्यावर जे दिसलं त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' ही तिची गाजलेली कादंबरी झाली. तुमच्याकडे दहाच दिवस आहेत हे खरं, पण न सुचण्याचे दोन-तीन दिवस कामातलेच समजा आणि तिला वहीवर उगाच रेघोट्या मारू द्या.

आणखी एक, वाचून दाखवायची सक्ती नको. 'पास' म्हणायची मुभा पहिल्याच दिवशी द्या आणि पास म्हटलं तर कारण विचारायचं नाही.

प्रश्न: मी दोन वर्षं शिबिरात लिखाण घेतोय. गेल्या वेळी एका मुलीने वहीत 'मला नाहीसं व्हायचंय, कोणाला कळणार पण नाही' असं लिहून दिलं. मी घाबरलो, 'छान लिहिलंयस' म्हणून वही परत केली. ती नंतर ठीक दिसली पण मला अजून चैन पडत नाही. काय करायला हवं होतं?

उत्तर: दादा, तुम्हाला अजून चैन पडत नाही यावरूनच कळतं की तुम्ही ते नीट वाचलं होतं. शिबिराकडे तिच्या घरचा संपर्क असेलच, तर शिबिरप्रमुखांशी बोला आणि आत्तासुद्धा चौकशी करा, उशीर झाला असं धरू नका.

पुढच्या वेळेसाठी सांगते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगायचं की तुम्ही लिहाल ते माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी योग्य मोठ्या माणसाला सांगणार. म्हणजे नंतर विश्वास मोडल्यासारखं होत नाही. आणि असं काही वाचलं तर त्याच दिवशी, इतरांपासून बाजूला घेऊन, साध्या आवाजात विचारायचं, हे गोष्टीतल्या मुलीचं आहे की तुझं? तुझं असेल तर जीव द्यावासा वाटतो का? हे थेट विचारायला सगळे घाबरतात, वाटतं आपण विचारल्यामुळे तिच्या डोक्यात येईल, पण तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं याचा बऱ्याचदा दिलासा वाटतो. हो म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, शिबिरप्रमुख आणि समुपदेशकाला लगेच कळवायचं, घरच्यांनाही, आणि त्रास घरातूनच असेल तर कोणाला सांगायचं हे समुपदेशकासोबत ठरवायचं. तुम्ही तिचे डॉक्टर व्हायचं नाहीये, तुम्ही तिला योग्य माणसापर्यंत न्यायचंय.

मात्र प्रत्येक काळोख्या गोष्टीला घाबरू नका. या वयात मुलं मरण, रक्त, भुतं खूप लिहितात आणि ते बहुतेक वेळा निरोगी असतं.

आणि 'मनातलं सगळं लिहून काढ, मोकळं वाटेल' असा व्यायाम शिबिरात देऊ नका. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली सहकाऱ्यासोबत कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून आयुष्यातल्या धक्कादायक अनुभवांवर चार दिवस रोज १५ मिनिटं लिहून घेतलं होतं. त्यातल्या ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढे कमी झाल्या, हे सगळे सांगतात, पण लिहून झाल्याझाल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं हे कोणी सांगत नाही. दीड तासानंतर तुमच्या शिबिरातली मुलगी खोलीत एकटी जाणार असते.

प्रश्न: मुलं इतकं अशुद्ध लिहितात की डोळ्यांना त्रास होतो, त्यात निम्मे शब्द इंग्रजी आणि बाकी घरची बोली. दुरुस्त करायचं की नाही?

उत्तर: पहिल्या खर्ड्यात अजिबात नाही. लाल पेन तर शिबिरात आणूच नका. ऱ्हस्व-दीर्घाची भीती बसली की मुलगा ज्या शब्दाचं शुद्धलेखन येतं तेवढेच शब्द वापरतो आणि त्याचं जग त्या शब्दांएवढं होतं. आठव्या-नवव्या दिवशी, लिहिलेलं इतरांना वाचायला द्यायचं ठरलं की तेव्हा बसून नीट करा, तेव्हा त्यालाच ते नीट हवं असतं. बोलीला मात्र हात लावू नका, विशेषतः संवादात. आजी जसं बोलते तसंच आजीने गोष्टीत बोलायला हवं. आणि इंग्रजी शब्द? पंधरा वर्षांचा मुलगा मित्राला 'मी कंटाळलो आहे' असं म्हणत नाही, 'बोअर होतंय यार' म्हणतो, मग गोष्टीतही तेच म्हणू दे.

प्रश्न: ताई, मी १५ वर्षांची आहे. मी फॅनफिक्शन लिहिते. शिबिरात सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे खरं लिखाण नाही, दुसऱ्याची पात्रं घेतलीस. आणि माझ्या गोष्टीवर सगळ्यांनी इतकं काय काय सुचवलं की आता तिच्याकडे बघवत पण नाही. सोडून देऊ का?

उत्तर: अगं नको सोडूस. दुसऱ्याची पात्रं घेतलीस तरी ती काय बोलतात, कधी गप्प बसतात हे तूच ठरवतेयस ना, तो सराव खराच आहे. गाणं शिकणारी मुलगी पण आधी शिकवलेलंच गाते. कधीतरी त्यांच्यात तू बनवलेलं एक पात्र आत सोड, अगदी लहान, नुसतं दार उघडणारं, आणि बघ काय होतं. सरांनी चारचौघांत तसं बोलायला नको होतं, हे मी त्यांच्याच वयाची म्हणून सांगतेय.

सूचनांचं म्हणशील तर वही आठवडाभर बंद ठेव. मग उघड आणि जी सूचना तुला न बघताही आठवतेय तेवढीच घे. पुन्हा लिहिणं म्हणजे आधीचं वाईट होतं असं नसतं गं. अ‍ॅन फ्रँक ही दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेली ज्यू मुलगी १३ व्या वर्षापासून डायरी लिहीत होती, आणि १९४४ मध्ये, १४ वर्षांची असताना, युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या जमा करणार असं रेडिओवर ऐकलं तेव्हा तिने लपून राहिलेल्या जागेतच आपली डायरी सुट्या कागदांवर पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली, काही भाग गाळले, काही वाढवले, माणसांना दुसरी नावं दिली. तुझ्याएवढीच होती.

आणि हे वाचणाऱ्या शिक्षकांना विनंती, फीडबॅकच्या वेळी मुलांना 'असं कर' म्हणू देऊ नका. फक्त दोनच गोष्टी सांगायच्या: मला काय दिसलं, आणि कुठे मी हरवलो. बाकी लिहिणाऱ्याचं तो बघेल.

प्रश्न: दोन मुलं एआयकडून लिहून आणतात. पकडायचं कसं?

उत्तर: पकडू नका. सगळं लिखाण वर्गात, हाताने, टायमर लावून घ्या, घरी काहीच देऊ नका, म्हणजे प्रश्न बराचसा मिटतो. राहिलेलं 'दार कसं उघडतं?' असं विचारलं की मिटतं, कारण त्याच्या घरचं दार त्यालाच माहीत असतं.

प्रश्न: शेवटच्या दिवशी स्पर्धा ठेवून नंबर काढावेत की सगळ्यांचं छोटं पुस्तक करावं? पालकांना स्पर्धा हवीय.

उत्तर: पुस्तक करा. नंबर काढले की सतरा मुलं हरून घरी जातात. पुस्तकात प्रत्येकाची एक पानाची गोष्ट घ्या आणि ती कोणती हे त्यानेच निवडायचं, तुम्हाला दुसरी जास्त आवडली असली तरी. झेरॉक्सला द्यायच्या आधी प्रत्येकाला त्याचं पान दाखवा आणि एकट्याला विचारा, हे घरी वाचलं तर चालेल ना? नाव नको म्हणाला तर नाव काढा, पान बदल म्हणाला तर बदला. त्या दाराच्या गोष्टीच्या वेळी त्या मुलाने एक रात्र मागितली होती. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, आईला आधी मी वाचून दाखवली, आता छापा.