नातवंडं नागपूरला येताहेत, त्यांना खरं काम द्या

प्रश्न : ताई, आम्ही कॅनडात राहतो. माझं माहेर आणि सासर दोन्ही नागपूरचं. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा दहा. इथे ख्रिसमसच्या आधी शाळेतली मुलं फूड बँकेत जाऊन धान्याची पाकिटं लावतात. यंदा डिसेंबरमध्ये आम्ही नागपुरात असू आणि मुलांना तिथेही असं काही करायचं आहे. मागच्या खेपेला बेत पार फसला. एका संस्थेत न कळवता गेलो. त्यांनी चहा पाजला, फोटो काढले आणि निरोप दिला. सोबत नेलेले जुने जाड कोट कुणालाच होईनात. एक दिवस मोर्च्यात गाडी अडकली, दुसऱ्या दिवशी धाकट्याचं पोट बिघडलं. सासूबाई म्हणाल्या, ‘चार दिवसांसाठी येता, त्यातही परक्यांच्या दारी कशाला?’ यंदा काय करू?

उत्तर : मुलांची इच्छा खरी आहे, ती विझू देऊ नका. आणि हे दिवसही त्यासाठी विदर्भात फार योग्य आहेत. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, २६ डिसेंबरला बाबा आमट्यांचा जन्मदिवस. मुलांना हे इथे येण्याआधीच सांगा. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या गोरगरिबांना टेकायला जागा हवी, म्हणून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. समोरच्या माणसाला आज काय हवं आहे, हे त्यांनी आधी पाहिलं. तुमच्या मुलांनी तेवढं शिकलं तरी या सुट्टीचं सोनं झालं.

म्हणून माझा आग्रह एकच : काय द्यायचं हे कॅनडात बसून ठरवू नका. निघण्याच्या महिनाभर आधी एखाद्या संस्थेला फोन करा आणि सरळ विचारा, ‘आमची दोन मुलं आहेत, या वयाची, एवढे दिवस येऊ शकतील. तुमचं कुठलं काम अडलेलं आहे?’ उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं येतं. ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हर घालायची असतात, शिधा मोजून पिशव्या भरायच्या असतात, देणग्यांच्या पावत्या संगणकावर चढवायच्या असतात. चौदा वर्षांच्या मुलीला हे सहज जमतं आणि संस्थेचा भार खरोखर हलका होतो. ‘मुलांना इंग्रजी शिकवू’ हा बेत मात्र मला पटत नाही. आठवडाभरात कुणी भाषा शिकत नाही, आणि जीव लावून निघून जाणाऱ्या ताई-दादांचं दुःख वसतिगृहातल्या मुलांना फार होतं. त्या मुलांचे फोटोही काढू नका, संस्थेने परवानगी दिली तरी.

जागा एकच धरा आणि तिथेच तीन-चारदा जा. रोज नवी संस्था म्हणजे नुसतं दर्शन होतं. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या आनंदवनाला जायचं असेल तर अवश्य जा, वरोरा नागपूरहून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. पण आधी कळवून जा, आणि ती भेट पाहण्याची, समजून घेण्याची आहे हे मुलांना स्पष्ट सांगा. हातांनी काम करण्याची, आमट्यांच्याच सोमनाथ प्रकल्पातली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. मुलगी थोडी मोठी झाली की तिचा विचार करा.

आता मेडिकलबद्दल, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाबद्दल, कारण माझा जीव तिथे गुंततो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पलीकडे बालाघाट, छिंदवाड्याहून रुग्ण मेडिकलला आणि मेयो या दुसऱ्या सरकारी रुग्णालयाला येतात. सोबतचे नातेवाईक आवारात, व्हरांड्यात रात्र काढतात, आणि डिसेंबरात इथला पारा दहाच्या खाली उतरतो. ब्लँकेट वाटायला बरेच जण येतात. एखाद्याला दोन-दोन मिळतात, कोपऱ्यात झोपलेली म्हातारी तशीच राहते. आधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कुणाला काय कमी आहे हे त्यांच्याकडून कळेल. सतरंजी, टॉवेल, साबण, खोबरेल तेल, झाकणाचा डबा, गरम पाण्यासाठी थर्मास, अशा वस्तू लागतात. त्या सीताबर्डीच्या किंवा इतवारीच्या बाजारात विकत घ्या. परदेशातून कोटांच्या बॅगा वाहून आणू नका. दहा वर्षांच्या मुलाला वॉर्डात नेऊ नका, त्याने घरी बसून पिशव्या भराव्यात.

पैसे देण्याआधी एक नियम नीट समजून घ्या. तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर बँकेतून स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओळखपत्र) असलं तरी कायद्याने ती परदेशी देणगी ठरते. ती फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आजोबांच्या खात्यातून फिरवून पाठवू नका. त्यात उद्या संस्थाच अडचणीत येते.

राहिले रोजचे घोटाळे. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरातच असतं. त्या दिवसांत यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, विधानभवन या भागातली वाहतूक वळवली जाते. सकाळचा पेपर पाहून निघा, जमेल तिथे मेट्रोने जा. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका मिळतात. विमानाने आल्यावर पहिले चार दिवस काहीच ठरवू नका, मुलं रात्री तीनला जागी असतात आणि दुपारी पेंगतात. कामाच्या दिवशी बाहेरचं खाणं नको, तर्री पोहे आणि सावजी सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा. स्वेटर मात्र रोज सोबत हवा, दुपारचं ऊन फसवं असतं.

ख्रिसमसच मुलांना हवा असेल तर सदरला जा. तिथली चर्च जुनी आहेत आणि त्या आठवड्यात सजलेली असतात. ओळखीचं ख्रिस्ती कुटुंब असेल तर फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी जा. दिवाळीत ते आपल्याकडे येतातच.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मनावर घ्या. वर्षभर त्यांनी वाट पाहिलेली असते, आणि नातवंडं आली ती दुसरीकडेच चालली, हे त्यांना लागतं. त्यांना वगळून काही ठरवू नका, उलट काम त्यांच्याच ओट्यावर आणा. समाजसेवा अधीक्षकांना विचारून दोन-तीन कुटुंबांचे पोळी-भाजीचे डबे घरून नेता येतील का ते पाहा. पोळ्या सासूबाईंनी लाटाव्यात, मुलीने भाजाव्यात, धाकट्याने डब्यांवर नावं लिहावीत. मराठीत लिहायला आजी शिकवतील. तिखट बेताचं ठेवा, रुग्णही त्यातलं खातात. आणि डबा देऊन लगेच निघू नका. गडचिरोलीहून आलेल्या माणसाला दिवसभरात कुणी गावाचं नाव विचारलेलं नसतं, ते आजींना विचारू द्या.