कार्ड टाकलं, तरी फोन भरलेलाच!

मागच्या अंकात फोनमधल्या जागेविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रं मेमरी कार्डाभोवतीच फिरतात. बिघडलेल्या कार्डांतून फोटो परत काढून देणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे उत्तरांत कुठे खवटपणा उतरला असेल, तर सांभाळून घ्या.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझा फोन ६४ जीबीचा आहे. भाच्याने २५६ जीबीचं कार्ड आणून घातलं आणि म्हणाला, 'मावशी, आता फोन बदलेपर्यंत काळजी नाही.' दोनच दिवसांत 'जागा शिल्लक नाही' ही सूचना पुन्हा हजर. कार्ड उघडून पाहिलं तर रिकामं! फोनला कार्ड बसवल्याचं कळलंच नाही का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, फोनला कळलंय. पण त्यात काय ठेवायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. घरात नवं कपाट आणलं म्हणून जुन्या कपाटातले कपडे आपण होऊन तिकडे चालत जात नाहीत. भाच्याने कपाट आणून दिलं आणि तो निघून गेला, एवढंच झालंय.

सुरुवात कॅमेऱ्यापासून करा. कॅमेरा उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये फोटो कुठे साठवायचे असा पर्याय असतो, तिथे एसडी कार्ड निवडा. यापुढचे फोटो आणि व्हिडिओ थेट कार्डात जातील. जुने मात्र आहेत तिथेच राहतील, ते हातानं हलवावे लागतात. फाइल मॅनेजरमध्ये डीसीआयएम नावाचं फोल्डर शोधा, कॅमेऱ्याचे फोटो त्यात असतात. इथे 'मूव्ह' दाबायचा मोह होईल. तो टाळा आणि 'कॉपी' करा. मग कार्डातले दहा-वीस फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघा. ते नीट उघडले, की मगच फोनमधले मूळ फोटो काढून टाका. 'मूव्ह' चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड सरकलं की काही फोटो इकडे, काही तिकडे आणि एखादा कुठेच नाही, अशी गत होते.

एवढं करूनही जागा तेवढीच दिसली, तर गॅलरीतली कचराकुंडी बघा. हल्लीच्या फोनमध्ये काढून टाकलेले फोटो साधारण ३० दिवस तिथे पडून राहतात आणि तोवर जागा अडवतात. ती रिकामी केलीत की मगच आकडा हलेल.

आता व्हॉट्सअ‍ॅप. त्याचं सगळं सामान फोनच्या आतच राहतं, कार्डात साठवण्याची सोय त्यात नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजचा भाग आहे, तिथे 'मॅनेज स्टोरेज' दाबलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि पुनःपुन्हा फिरलेले निरोप वेगळे काढून दाखवतात. फार विचार न करता साफ करता येईल असं सामान तिथेच सगळ्यात जास्त असतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तुम्ही जे फोटो इतरांना पाठवता, त्यांची एक-एक प्रत व्हॉट्सअ‍ॅप 'सेंट' नावाच्या फोल्डरात ठेवून देतं. म्हणजे तोच फोटो गॅलरीतही आणि तिथेही.

राहिली अ‍ॅपं. तुमचा भाचा कदाचित सांगेल की कार्ड फोनच्या आतल्या जागेला जोडून एकच मोठी जागा करता येते. त्यात तथ्य आहे. अ‍ॅप कार्डावर हलवायची सोय अँड्रॉइडच्या २.२ आवृत्तीत, म्हणजे २०१०मध्ये आली. संपूर्ण कार्ड आतल्या जागेत सामील करून घेण्याची सोय आली २०१५मध्ये, अँड्रॉइड ६सोबत. काही कंपन्या ती आपल्या फोनमध्ये देतच नाहीत, आणि माझ्या मते ते बरंच करतात. असं जोडलेलं कार्ड फोन आधी पुसून काढतो आणि मग सांकेतिक कुलुपात बंद करतो. त्या कुलुपाची किल्ली फक्त त्याच फोनमध्ये असते. फोन पाण्यात पडून मेला, तर कार्ड धडधाकट असूनही त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. अशी कार्डं घेऊन माणसं माझ्याकडे येतात आणि मला नुसती मान हलवावी लागते.

शिवाय वेगाचा प्रश्न आहेच. फोनमध्ये चालणारी साधी कार्डं ज्या पद्धतीवर चालतात, तिची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. चांगल्या फोनमधली आतली साठवण सेकंदाला २०००च्या आसपास वाचते. स्वस्त फोनमध्ये हा फरक कमी असतो, पण असतोच. फोटो एकदा लिहिला की पडून राहतो, त्याला काही फरक पडत नाही. अ‍ॅपचं तसं नाही. ते दर क्षणी बारीक बारीक काहीतरी लिहीत-वाचत असतं, आणि नेमकं त्याच कामात कार्ड सगळ्यात दुबळं. तेव्हा अ‍ॅपं आत राहू द्या आणि फोटो, व्हिडिओ, गाणी, पुस्तकं बाहेर काढा.

प्रश्न : १२८ जीबीचं कार्ड घेतलं. संगणकाला लावलं तर ११९ जीबीच दिसतं. विकणाऱ्यानं फसवलं का?
– एक वाचक

उत्तर : नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. तुमचा संगणक १०२४च्या पटीत मोजतो, त्याच्या हिशेबी १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. भागाकार करून बघा, ११९ येईल. २५६चं कार्ड असंच २३८ दिसतं. फसवणूक कशी असते, ते पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : ताई, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १ टीबीचं, म्हणजे १००० जीबीचं कार्ड फारच स्वस्तात मिळालं. सुरुवातीचे फोटो छान निघाले. आता नवे फोटो अर्धे करडे दिसतात आणि काही जुनेही उघडेनात. फोटोंची नावं मात्र सगळी दिसतात. फोन खराब झालाय की कार्ड?
– छायाचित्रणाची हौस असलेला एक विद्यार्थी

उत्तर : फोन बरा आहे. कार्ड खोटं आहे.

प्रत्येक कार्डात साठवणीच्या चिपशिवाय एक छोटा कंट्रोलर असतो. 'माझ्यात एवढी जागा आहे' हे फोनला तोच सांगतो आणि फोन त्यावर विश्वास ठेवतो. नकली कार्डाच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत खरी जागा १६ किंवा ३२ जीबीची आणि सांगायचं १ टीबी! खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, म्हणून तर माणूस बेसावध राहतो. त्यानंतर काही कार्डं नवा फोटो जुन्याच्या डोक्यावर लिहितात, तर काही तो चक्क फेकून देतात आणि 'लिहिला' असं सांगतात. तुमच्या वर्णनावरून तुमचं कार्ड पहिल्या जातीचं दिसतं. नावांची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून ती शाबूत राहते. नाव आहे आणि आत दुसरंच काही.

खात्री करून घ्यायची असेल, तर कार्डातलं जे काही उघडतंय ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग संगणकावर तपासा. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'एफ३' ही मोफत साधनं आहेत. ती संपूर्ण कार्ड ओळखीच्या माहितीनं भरतात आणि परत वाचून जुळतं का ते बघतात. मोठ्या कार्डाला यात कित्येक तास जातात, तेव्हा रात्री लावून झोपा. नवं कार्ड घेतलं की पहिला फोटो काढण्यापूर्वी ही तपासणी करावी असा माझा आग्रह आहे, कारण परत करायची मुदत तेव्हा हातात असते.

करडे झालेले फोटो मिळवून देता येतील का, असं तुम्ही पुढे विचारणार. जे कार्डानं कधी लिहिलंच नाही किंवा ज्याच्यावर दुसरं काही लिहून टाकलं, ते मीच काय, कुणीच परत आणू शकत नाही. फॉरमॅट करूनही हे कार्ड सुधारणार नाही. ते परत करा, आणि परत घेत नसतील तर मोडून टाका. दुसऱ्या कुणाला देऊ मात्र नका.

प्रश्न : कार्डावर १०, यू३, व्ही३०, ए१, एक्ससी असं काय काय छापलेलं असतं. घेताना नेमकं काय बघायचं?
– एक गृहिणी

उत्तर : सगळ्यात मोठ्या अक्षरांत जे छापलेलं असतं, ते सोडून बाकीचं बघा. '१९० एमबीपर्यंत' वगैरे आकडा वाचण्याच्या वेगाचा असतो, आणि तोही त्याच कंपनीच्या खास रीडरमध्ये मिळणारा. तुमच्या फोनला तो कधी दिसणार नाही.

खरी माहिती बारीक चिन्हांत आहे. सी अक्षराच्या आत १० असेल, तर लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही. यूच्या आत ३ किंवा व्ही३० असेल, तर ३० एमबीच्या खाली नाही. ४के व्हिडिओ काढत असाल तर यू३ किंवा व्ही३० घ्या. साध्या फोटोंना १० पुरतं. ए१ आणि ए२ ही चिन्हं अ‍ॅपसाठी आहेत. ए१ कार्ड सेकंदाला निदान १५०० वेळा बारीकसारीक वाचू शकतं आणि ५०० वेळा लिहू शकतं. ए२साठी हेच आकडे ४००० आणि २०००. पण ए२चा फायदा फोनमध्येही तशी सोय असेल तरच मिळतो. ए२साठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

एचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं कार्ड, एक्ससी म्हणजे त्यापुढे २ टीबीपर्यंतचं. तुमच्या फोनला किती जीबीपर्यंतचं कार्ड चालतं ते त्याच्या माहितीपत्रकात बघून घ्या. ३२ जीबीच्या कार्डात जागा असूनही मोठा चित्रपट जात नाही, अशी तक्रारही एका पत्रात आहे. ही कार्डं फॅट३२ पद्धतीनं आखलेली असतात आणि तीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. त्याचं कारण एवढंच.

प्रश्न : कार्डातले फोटो डिलीट करते, फोन बंद करून चालू केला की परत येतात! घरातले म्हणतात, फोनमध्ये भूत आहे.
– एक वाचक

उत्तर : भूत नाही, कार्ड शेवटाला आलंय. या चिपांमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. झीज फार झाली किंवा आत काही बिघडलं, की बरेच कंट्रोलर लिहिणं बंद करून फक्त वाचू देतात. तुम्ही डिलीट करता तेव्हा फोन आपल्या पडद्यावरून फोटो हटवतो, पण कार्डात काहीच बदलत नाही. फोन पुन्हा चालू झाला की कार्डात आहे ते वाचतो आणि फोटो परत दिसतात. फॉरमॅट केलंत तरी तेच होईल.

तुम्ही नशीबवान आहात. बहुतेक कार्डं अशी सूचना न देता जातात. आजच सगळं संगणकावर उतरवून घ्या आणि या कार्डाला निरोप द्या. वाचकांपैकी ज्यांनी फोनमधले फोटो कार्डात हलवून फोनमधून काढून टाकलेत आणि आता ते 'सुरक्षित' आहेत असं मानलंय, त्यांना विचारते : दुसरी प्रत कुठाय? हार्ड डिस्कवर असो, क्लाउडवर असो, पण असू द्या. आणि कार्ड भरून कपाटात ठेवून द्यायची वस्तू नाही. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिलं तर त्यातली माहिती हळूहळू विरते.

प्रश्न : नव्या फोनला कार्डाची जागाच नाही. असं का करतात? आता काय करू?
– एक वाचक

उत्तर : आयफोनला ती कधीच नव्हती. सॅमसंगनं आपल्या गॅलेक्सी एस मालिकेत २०१५च्या एस६मध्ये ती काढली, पुढच्या वर्षी एस७मध्ये परत दिली आणि २०२१च्या एस२१मध्ये पुन्हा काढली. कारणं वेगाची आणि फोनच्या पोटात भाग बसवायला जागा अपुरी पडत असल्याची सांगतात, ती खोटी नाहीत. पण जास्त जीबीचा फोन जास्त किमतीला विकता येतो, हेही त्यामागे असावं असं मला वाटतं.

टाइप-सी तोंडाचा पेन ड्राइव्ह घ्या, बहुतेक अँड्रॉइड फोनना तो थेट लागतो. २०२३च्या आयफोन १५पासून आयफोनलाही चालतो. तो फोनला कायम लटकवून ठेवायचा नसतो. आठवड्याकाठी फोटो उतरवायचे आणि काढून ठेवायचा. अजून फोन घ्यायचा असलेल्यांनी ट्रे उघडून बघावा. काही फोनमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकच बसतं.

प्रश्न : फोन चालू असतानाच कार्ड काढलं. परत घातल्यावर 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतोय. सहलीचे सगळे फोटो त्यात आहेत.
– एक घाबरलेला वाचक

उत्तर : 'नाही' म्हणा आणि कार्ड बाहेर काढा. फोन लिहीत असताना कार्ड ओढलं की नावांची यादी बिघडते, फोटो बहुधा जागेवरच असतात. कार्ड रीडरनं संगणकाला लावा. विंडोजही फॉरमॅटचं विचारेल, त्यालाही 'नाही'. मग 'फोटोरेक' हे मोफत साधन चालवा. ते यादीकडे न बघता थेट फोटोंच्या खुणा शोधतं, म्हणून फोटो मिळतात पण जुनी नावं मिळत नाहीत. मिळालेले फोटो संगणकावरच उतरवा, त्याच कार्डात नको, नाहीतर उरलेल्यांवर पाणी पडेल. कार्ड रीडरमध्ये दिसतच नसेल, तर घरी पुढे काही करू नका.

आणि यापुढे सेटिंग्जमधून आधी 'इजेक्ट' किंवा 'अनमाउंट' करा, मगच कार्ड काढा. तेही नखानं किंवा ट्रेच्या पिनेनं. दातांच्या खुणा असलेली कार्डं माझ्या टेबलावर येतात, आणि खूण नेमकी चिपवर असेल तर माझाही नाइलाज होतो.